मानपाड्यातली रोजची नैसर्गिक आपत्ती

वागळे इस्टेटमधल्या एका स्प्रिंगच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं नोकरी केली. माझं खातं क्वालिटीचं. म्हणजे माल बघायचा, मोजायचा आणि बहुतेक वेळा ‘हे चालणार नाही’ म्हणायचं. ही सवय मी घरीही आणली असं माझा नवरा म्हणतो. तो भाजी आणतो त्या दिवशी तर नक्कीच म्हणतो.

आमच्या स्प्रिंगा दवाखान्यातल्या चाकांच्या खाटांना लागायच्या. नर्सने पायाने खटका दाबला की खाट जागच्या जागी थांबते ना, तो खटका आमच्या स्प्रिंगवर चालतो. तार वळून स्प्रिंग आम्ही करायचो. वळल्यावर ती आमच्याच एका छोट्या भट्टीत तापवायचो, म्हणजे वळताना तारेत आलेला ताण निघून जातो. मग माल टेम्पोत घालून डोंबिवलीला, मानपाड्याला पाठवायचा. तिथे एका प्लेटिंगच्या कारखान्यात तिच्यावर जस्ताचा थर चढायचा. थर चढवला की लगेच काही तास पुन्हा तिथल्या भट्टीत ठेवायची. हे भाजणं नीट झालं नाही तर स्प्रिंग वरून चकचकीत दिसते आणि आतून ठिसूळ राहते. महिनाभर गुण्यागोविंदाने काम करते आणि एक दिवस काही न सांगता मोडते.

प्लेटिंगवाले काका मूळचे कोकणातले, साठी ओलांडलेले. त्यांच्या एका हातात कायम रबरी मोजा असायचा. दुसरा हात फोनसाठी मोकळा. पण त्यांचा कारखाना खरा चालवायच्या त्या शिफ्ट सांभाळणाऱ्या ताई. राहायला कल्याणला, वय माझ्याएवढंच. फोन उचलला की म्हणायच्या, “जय भीम, बोला.” त्या ‘बोला’मध्ये इतकी घाई असायची की मला काय बोलायचं होतं तेच मी विसरायचे.

आमचं नातं वीस वर्षांचं आणि जवळजवळ सगळं फोनवरचं. शुक्रवारी लागणारा माल मी मंगळवारी हवा म्हणून सांगायचे. ते त्यांना माहीत होतं, म्हणून ते तो शुक्रवारी द्यायचे. हे मला माहीत होतं. अशा रीतीने एकमेकांशी सतत खोटं बोलून आमचं अगदी सुरळीत चाललेलं.

मग एका सोमवारी खाटा बनवणाऱ्या आमच्या ग्राहकाकडून एक खोका परत आला. आत अकरा स्प्रिंगा आणि प्रत्येकीचे दोन तुकडे. नशीब एवढंच की त्या ग्राहकाच्याच तपासणीत मोडल्या होत्या, दवाखान्यात नाही. मी काकांना फोन लावला.

“काका, तुमच्या स्प्रिंगा मोडल्या.”

“आमच्या कशा?” काका म्हणाले. “आम्ही फक्त रंगरूप देतो. हाडं तुमची.”

“हाडं चांगली आहेत. तुमचं भाजणं कच्चं राहिलंय.”

“वीस वर्षं भाजतोय मी!”

“मग या वेळी घाई केली असेल.”

त्यांनी फोन ठेवला. वीस वर्षांत त्यांनी माझ्या आधी फोन ठेवल्याची ही पहिलीच वेळ.

आमचे साहेब त्याच आठवड्यात कुठल्याशा परिसंवादाला जाऊन आलेले. येताना कापडी पिशवी, पाण्याची बाटली आणि नवे विचार घेऊन आले. आम्हा सगळ्यांना केबिनमध्ये बोलावून म्हणाले, “आजपासून व्हेंडर हा शब्द बंद. आपण पार्टनर म्हणायचं. पार्टनरशिप विश्वासावर उभी असते.” आम्ही माना डोलावल्या. साहेबांनी त्या नव्या बाटलीतलं पाणी प्यायलं आणि म्हणाले, “आणि त्या पार्टनरच्या भट्टीवर लक्ष ठेवायला काहीतरी बसवून टाका.”

ते बसवायला एक मुलगी मिळाली. ठाकुर्लीला राहणारी, इंजिनियर, मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून घरूनच असली कामं करणारी. तिची आणि काकांची ओळख व्हावी म्हणून आम्ही व्हिडिओवर मीटिंग ठेवली. तिचं घर दोन खोल्यांचं. शेजारच्या खोलीत सासूबाई मालिका बघत होत्या. तिने नीट समजावून सांगितलं की भट्टीत एक कांडी राहील, ती तापमान मोजेल. दाराला एक चकती राहील, ती भाजणं सुरू असताना दार उघडलं की कळवेल. आणि सगळं आपोआप वागळे इस्टेटला क्वालिटीच्या मॅडमच्या, म्हणजे माझ्या, मोबाइलवर जाईल.

काकांनी मोकळ्या हाताने फोन डोळ्यांजवळ घेतला. मग म्हणाले, “म्हणजे आमच्यावर विश्वास राहिला नाही.”

नेमकं त्याच क्षणी शेजारच्या खोलीतून मालिकेतलं ते संगीत आलं, ढ्यँग, ढ्यँग, ढ्यँग. कुणाची तरी सून कुणाला तरी रंगेहाथ सापडली असणार. आम्ही सगळे स्क्रीनवर एकमेकांचे चेहरे बघत बसलो. साहेब सावरून म्हणाले, “विश्वास आहे म्हणूनच तर बसवतोय.” पुन्हा ढ्यँग. त्या मुलीने घाईघाईने आवाज बंद केला. काका म्हणाले, “राहू दे पोरी, ते बरोबर वाजतंय.”

पण त्यांनी बसवू दिलं. वीस वर्षांचं काम होतं आणि आमच्यासारखे ग्राहक त्यांच्याकडेही काही रांगा लावून उभे नव्हते. त्या दिवशी मीही मानपाड्याला गेलेले. काकांनी कितीही तोंड वाकडं केलं तरी नवं यंत्र आलं म्हटल्यावर नारळ फोडला. हळदीकुंकवाची बोटं यंत्राच्या डबीवर टेकवणार तेवढ्यात ती मुलगी ओरडली, “काका, त्याला ओलं चालत नाही!”

“देवाला चालतं, याला चालत नाही?”

शेवटी कुंकू कोरडं लावलं आणि भट्टीच्या दाराला लिंबूमिरची बांधली. भाजणं सुरू केलं, तर त्यातलं लिंबू चकतीच्या फटीत अडकलेलं. परतीच्या वाटेवर रिक्षात मला यंत्राचा पहिला संदेश आला, दार उघडे आहे. मग दुसरा, दार उघडे आहे. ठाण्याला पोचेपर्यंत असे चाळीसेक आले. लिंबू हलवायचं का नाही, यावर दुसऱ्या दिवशी तासभर फोनवर चर्चा झाली. ते दाराच्या वर गेलं.

संदेश माझ्या नजरेतून सुटू नये म्हणून त्या मुलीने मग त्याला एक आवाज लावून दिला. कोंबडा आरवतो तो. तिला वाटलं, हा आवाज ऑफिसात दुसऱ्या कुणाच्या मोबाइलला नसणार. खरंच नव्हता. पुढचे दोन दिवस भट्टीत माल नव्हता, म्हणून कोंबडा गप्प होता. तिसऱ्या दिवशी दुपारी एकला दहा कमी असताना आरवला, भट्टीचं दार उघडलं. बरोबर एक वाजता पुन्हा आरवला, दार उघडलं. माल आत असताना. भाजणं सुरू असताना!

चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी तेच. एकला दहा कमी, आणि एक. रविवारी भाचीच्या साखरपुड्यात होते, त्यांचा कारखाना त्या दिवशी चालू होता हे विसरून गेलेले. भटजी वाङ्‌निश्चयाचा संकल्प सोडत असताना माझी पर्स आरवली. नवरा शेजारी बसलेल्या व्याह्यांना म्हणाला, “हिचा कोंबडा दुपारी उठतो.”

दार उघडलं की कारण नोंदवायची सोय त्या यंत्रात होती. मानपाड्याच्या मोबाइलवर एक यादी यायची, त्यातलं एक कारण निवडायचं. मी पहिल्यांदा कारणाचा रकाना उघडून पाहिला, तर तिथे लिहिलं होतं: नैसर्गिक आपत्ती. आदल्या दिवशी? नैसर्गिक आपत्ती. त्याच्या आदल्या दिवशीही तीच. रोज दुपारी बरोबर एकला दहा कमी असताना मानपाड्यात आपत्ती कोसळत होती आणि दहा मिनिटांत ओसरत होती.

सोमवारी साहेबांनी आठवड्याचा तक्ता उघडला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“डोंबिवलीत पूर आलाय का?”

“नाही साहेब. कडकडीत ऊन आहे.”

“भूकंप?”

“आपल्याला जाणवला असता.”

“मग रोज काय होतंय तिकडे?”

आता खरं सांगायचं तर फोन करून विचारणं सगळ्यात सोपं होतं. मला ते सुचलं नाही असंही नाही. पण माझ्या टेबलावर त्या अकरा मोडक्या स्प्रिंगा मांडून ठेवलेल्या होत्या, आणि सव्वीस वर्षं चुका शोधणाऱ्या माणसाला चूक दिसू लागली की एक वेगळंच समाधान होतं. ते भाजणं सुरू असताना दार उघडतायत, अर्धा माल मध्येच काढून दुसऱ्या कुणाचा घुसवतायत, हे मी मनात पक्कं करून टाकलेलं. मला विचारायचं नव्हतं. मला पकडायचं होतं. मी साहेबांना म्हटलं, “उद्या न सांगता जाऊन येते.” साहेबांचा चेहरा उजळला.

मंगळवारी साडेबाराला मी मानपाड्याला पोचले. रिक्षा मुद्दाम अलीकडच्या कोपऱ्यावर सोडली. कारखान्याच्या मागच्या बाजूला निळ्या ड्रमांची उतरंड होती. पन्नाशीची, चष्मा लावलेली, इस्त्रीच्या कॉटनच्या साडीतली मी त्या ड्रमांच्या मागे जाऊन उभी राहिले. ड्रमांच्या फटीतून भट्टी स्वच्छ दिसत होती. ताई दारापाशी घड्याळाकडे बघत उभ्या होत्या. मला मनातून गुदगुल्या होत होत्या.

एकला दहा कमी असताना ताईंनी हात वर केला. कुठूनकुठून दहाबारा जण आले, प्रत्येकाच्या हातात डबा. एकाने लोखंडी ट्रे पुढे केला, त्यावर डबे ओळीने रचले गेले. ताईंनी भट्टीचं दार उघडलं, ट्रे आत सरकवला, दार बंद. कवायत व्हावी तसं झालं सगळं.

आणि माझ्या पर्समध्ये कोंबडा आरवला.

एवढ्या मोठ्याने तो पूर्वी कधी आरवला नव्हता. रिकाम्या ड्रमांमध्ये घुमून तो तीन कोंबड्यांसारखा वाटला. दहाबारा माणसं एकदम वळली. मी पर्स उघडून त्याचा गळा दाबेपर्यंत त्याने पुन्हा एकदा बांग दिली. ड्रमांच्या पलीकडून ताईंचा चेहरा डोकावला.

“मॅडम? तुम्ही इथे काय करताय?”

मी म्हटलं, “सहजच आले.”

“ड्रमांमागे?”

काका पण आले, एका हातात मोजा. माझ्याकडे बघितलं, ड्रमांकडे बघितलं, सगळं समजले आणि माझ्या साडीला लागलेली ड्रमाची धूळ दाखवली. त्यांचं ते दाखवणं मला चांगलंच लागलं. म्हणून मीच चढ्या आवाजात सुरू केलं. “काका, आमच्या मालाच्या भट्टीत तुम्ही डबे गरम करता? आणि वर आम्हाला कळवता की नैसर्गिक आपत्ती?”

काकांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी शांतपणे मोबाइल काढला आणि ती यादी माझ्यापुढे धरली. “हे वाचा मॅडम. वीज गेली. यंत्र बिघडलं. साफसफाई. नैसर्गिक आपत्ती. इतर. आता वीज गेलेली नाही, यंत्र बिघडलेलं नाही, साफसफाई म्हणाले असते तर ते खोटं झालं असतं.”

“मग ‘इतर’ लिहायचं!”

“‘इतर’ला बोट लावलं की ते म्हणतं इंग्रजीत पन्नास अक्षरं लिहा. माझे हात सगळे जस्ताचे. कुठे लिहीत बसू?”

“पण नैसर्गिक आपत्ती, ताई?”

“भूक काय माणसाने तयार केलीय का?”

तेवढ्यात एक वाजला, दार उघडलं, पर्समध्ये पुन्हा कोंबडा आरवला आणि या वेळी सगळे हसले. मला हसू आवरेना. डबे बाहेर आले तसा सुकटाचा घमघमाट सुटला. मागच्या महिन्यात ग्राहकाच्या गोदामातून ‘मालाला चमत्कारिक वास येतो’ अशी तक्रार आली होती, आणि मी त्यावर रसायनांच्या अंगाने दोन पानी उत्तर पाठवलं होतं, ते मला तिथे उभ्याउभ्या आठवलं.

काका म्हणाले, “आता आलाच आहात तर जेवून जा. पण खुर्चीवर बसून. ड्रमांमागे ताट देता येणार नाही.”

मी जेवले. काकांच्या डब्यातली तांदळाची भाकरी, ताईंच्या डब्यातलं सुकट आणि कुणाची तरी वांग्याची भाजी. जेवताना काका हळूच म्हणाले, “विचारलं असतंत तर सांगितलं असतं. वीस वर्षांत ‘तुम्ही जेवलात का’ हे सोडा, आम्ही जेवतो कुठे ते तरी कधी विचारलंत?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच मी मान वर न करता भाकरी मोडत राहिले.

जेवण झाल्यावर ताईंनी मला भट्टीपाशी नेलं. भिंतीवर खडूने ओळी ओढलेल्या होत्या. डबे ठेवताना आणि काढताना तापमान किती उतरतं हे त्यांनी त्यांच्या जुन्या काट्यावर बघून ठेवलेलं, आणि त्याची भरपाई म्हणून माल रोज अर्धा तास जास्त ठेवायचा असा नियम केलेला. मी मोबाइलवरचा आलेख काढला आणि भिंतीवरच्या खडूशी ताडून पाहिला. इतके दिवस मी फक्त कोंबडा ऐकला होता, आलेख बघितलाच नव्हता. दार उघडल्यावर एक बारीकशी खाच, आणि मग सरळ रेष, हवी त्यापेक्षाही अर्धा तास लांब. त्यांचं भाजणं चोख होतं. डबे आत असोत वा नसोत.

“मग स्प्रिंगा मोडल्या कशा?” मी जवळजवळ स्वतःलाच विचारलं.

ताई म्हणाल्या, “आमच्या भट्टीकडे तुम्ही बघता. तुमच्या भट्टीकडे कोण बघतं?”

“आमच्या भट्टीला काटा आहे,” मी म्हटलं.

“आमच्याही होता की.”

परतताना मी तो विषय डोक्यातून काढायचा प्रयत्न केला. आमच्या भट्टीचा काटा मी रोज सकाळी स्वतः बघायचे. तो रोज हवा तिथेच असायचा. मग माझ्या लक्षात आलं की रोज म्हणजे अगदी रोज, उन्हाळा असो वा पावसाळा, तो केसभरही इकडेतिकडे झालेला मी पाहिला नव्हता. आणि त्याचा मला आजवर अभिमान वाटत होता.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना डब्यांची हकिगत सांगितली आणि म्हटलं, “एक यंत्र आपल्या भट्टीलाही लावू या.”

साहेब म्हणाले, “आपल्या कशाला? आपण गिऱ्हाईक आहोत. गिऱ्हाईक कधी दुकानदाराला स्वतःचं ब्लडप्रेशर दाखवतं का?”

“पण तुम्हीच म्हणालात, पार्टनर म्हणायचं.”

“म्हणायचं,” साहेब म्हणाले. “म्हणायला काय हरकत आहे?”

मी बाहेर आले आणि ठाकुर्लीला त्या मुलीला फोन केला. एक सुटं यंत्र माझ्या कपाटात पडून होतं. ते लावायला साहेबांची परवानगी लागते का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, “अगं, तपासणीसाठी क्वालिटीला परवानगी लागत नाही.” तशी लागते. नोकरीत मी नियम मोडला तो हाच. ती दुपारी येऊन यंत्र लावून गेली. जाताना म्हणाली, “मॅडम, संदेश कुणाला पाठवू? तुम्हालाच?”

मी थोडा विचार केला. माझ्या भट्टीचे संदेश मलाच आले तर मी त्यांचं काय करणार हे मला माहीत होतं. मी सव्वीस वर्षं त्या काट्यावर विश्वास ठेवलेला. म्हटलं, “मानपाड्याला पाठव. ताईंना.”

दोन दिवसांनी सकाळी फोन वाजला. “जय भीम मॅडम. बोलू का?” ताईंनी ‘बोला’च्या ऐवजी ‘बोलू का’ म्हटलं तेव्हाच मी हातातलं काम बाजूला ठेवलं. “तुमची भट्टी बरी नाहीय का? तापतच नाहीय ती. दोन दिवस बघतेय. आधी वाटलं यंत्र चुकतंय. मग म्हटलं, विचारून घ्यावं.”

मी भट्टीपाशी गेले. काटा नेहमीच्या जागी ठाम उभा होता. मी काचेवर टिचकी मारली. काटा ढिम्म. जोरात मारली. काटा निखळून काचेच्या आत तळाशी पडला. किती दिवस, किती महिने तो अडकलेला होता देव जाणे. आमची तार अर्धीकच्ची तापत होती, ताण तिच्यात तसाच राहत होता, आणि तशीच ती मानपाड्याला जाऊन जस्त पांघरून येत होती. हाडंच कमजोर होती. काका पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

ताईंनी हे ग्राहकाला कळवलं असतं तर त्यांच्या डोक्यावरचा आरोप त्याच दिवशी गेला असता. काकांना आमच्यावर ओरडायला वीस वर्षांतली सगळ्यात चांगली संधी होती. त्याऐवजी ताईंनी मला फोन केला, आणि तोही भट्टीच्या तब्येतीची चौकशी करायला.

साहेबांना सांगणं सोपं नव्हतं. मी काच काढून तो पडलेला काटा रुमालात गुंडाळून केबिनमध्ये नेला आणि टेबलावर ठेवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. न विचारता यंत्र लावल्याबद्दल पाच मिनिटं रागावले, मग दहा मिनिटं तो काटा उलटसुलट करून बघत बसले. आमचे साहेब तसे वाईट नव्हते. फक्त परिसंवादांना फार जायचे. म्हणाले, “ग्राहकाला आपणच कळवू. आणि मानपाड्याला मी स्वतः येतो.”

ते पेढे घेऊन आले. काकांसमोर उभं राहून त्यांनी वाटेत पाठ केलेलं वाक्य म्हटलं, “डेटाच्या अपुरेपणामुळे आपल्यात थोडा गैरसमज झाला.”

काका ताईंना म्हणाले, “हा डेटा कोण? त्याला पण बोलवायचं होतं.”

साहेबांनी घाम पुसला. मग परिसंवाद बाजूला ठेवून म्हणाले, “काका, चूक आमची होती. तुमच्यावर ढकलली.” काकांनी मोजा काढला. मी तो हात मोज्याशिवाय पहिल्यांदाच पाहिला. त्याच हाताने त्यांनी पेढा घेतला.

त्यानंतर दोन्ही भट्ट्यांचे संदेश दोन्हीकडे जाऊ लागले. त्यांचं काही अडलं की मला कळायचं, आमचं काही अडलं की ताईंना. कारणांच्या यादीत त्या मुलीने ‘जेवण’ हा शब्द घातला. पण मालाबरोबर सुकट भाजणं मला क्वालिटीत बसवता येईना, आणि त्या कारखान्यात उघड्यावर डबे ठेवणंही बरं नव्हतं. तेव्हा ताईंनी सुचवलं की भट्टीची गरम हवा वरच्या नळीतून फुकट बाहेर जाते, तिच्याभोवती बंद कपाटासारखं काही करता आलं तर डबे त्यात ठेवता येतील, बाहेरच्या खोलीत. आमच्या टूलरूमवाल्यांनी ते पत्र्याचं कपाट बनवलं. चालतंय म्हटल्यावर त्याच नळीच्या गरम हवेवर ताईंनी प्लेटिंगनंतरच्या ओल्या स्प्रिंगा वाळवून बघितल्या. पूर्वी त्या वाळायला वेळ जायचा आणि भट्टीत जायला उशीर व्हायचा. आता ओल्या मालाची रांगच संपली. माझ्या सव्वीस वर्षांत आमच्या मालात झालेली सगळ्यात मोठी सुधारणा सुकट गरम करण्याच्या सोयीतून निघाली, हे मी वार्षिक अहवालात लिहिलं नाही. साहेबांनी त्याला ‘सहयोगी नवोपक्रम’ म्हटलं.

स्प्रिंगा परत येणं थांबलं. ग्राहकाने खुश होऊन ही गोष्ट चारजणांना सांगितली आणि मग इस्टेटमधल्या कारखानदारांच्या मासिक बैठकीत आम्हाला बोलवण्यात आलं. साहेब बोलले, वीस मिनिटं, चित्रांसह. मग त्यांनी ताईंना पुढे बोलावलं. ताई निळी साडी नेसून आल्या होत्या. माइकसमोर उभ्या राहून “जय भीम” म्हणाल्या आणि गप्प झाल्या. मला वाटलं, घाबरल्या. पण त्या फक्त लोक विचारतील म्हणून वाट बघत होत्या.

पहिल्या रांगेतल्या एका कारखानदाराने विचारलं, “ताई, समोरच्याला आपल्या चुका रोज दिसल्या तर तो त्याचा फायदा नाही का घेणार?”

“घेईल की,” ताई म्हणाल्या. “एकदाच घेईल. दुसऱ्या दिवशी त्याच्या चुका आपल्याला दिसतात.”

सभागृहात हशा पिकला. दुसऱ्याने ठाकुर्लीच्या त्या मुलीला गाठून हळूच विचारलं, “हे फक्त त्यांच्याच भट्टीला लावता येईल का हो? आमच्या नको.” ती म्हणाली, “येईल, पण मग तुम्ही कॅमेरेवाला बघा.”

तिसरा माणूस जरा वयस्कर होता, साधा. त्याने उभं राहून विचारलं, “म्हणजे तुम्ही आता एकमेकांपासून काहीच लपवत नाही?”

साहेबांनी ताठ बसून ‘काहीच नाही’ म्हणायला तोंड उघडलं, पण ताई आधी बोलल्या.

“लपवतो ना. भट्टी दाखवतो. टाकीत काय मिसळतो ते नाही दाखवत. ते काकांनी मलाही सात वर्षांनी सांगितलं.”

साहेबांनी वळून काकांकडे बघितलं. काका शेवटच्या रांगेत समोसा खात होते. त्यांनी मान डोलावली आणि शेजारच्या ताटलीतला दुसरा उचलला.